शिंग्रोबाच्या वळणावर गाडी रेस घेईना

खोपोली मागे टाकून जुन्या हायवेने बोरघाट चढायला लागलं की वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं हे ठाणं. जाणारा-येणारा ड्रायव्हर इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही. याच वळणांवरून मला पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर हमखास फोन येतात, आणि सगळ्यांचं बोलणं जवळपास एकच असतं. "गाडी चालू आहे, पण रेसच घेत नाही. पाय पार तळाला लावला तरी इंजिन तेवढ्यावरच घुरघुरतंय. मीटरवर पिवळा दिवा लागलाय." चावी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की गाडी शहाण्यासारखी चालते. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

मी कर्जतला चारफाट्याच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. या तक्रारीवर गॅरेजांत सर्रास होणारा इलाज म्हणजे थ्रॉटल बॉडी बदलणे. भाग महाग, काम तासाभराचं, आणि गिऱ्हाईक घाईत. पण माझ्यापुढे येणाऱ्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा त्या महाग भागात नसतो, तो त्याच्याकडे जाणाऱ्या चार पैशांच्या तारेत, तारांच्या जोडाच्या, म्हणजे कप्लरच्या, एखाद्या पिनेत किंवा अर्थिंगमध्ये असतो. तो कसा शोधायचा हे इथे सावकाश सांगतो. गाडीचा मालक हे वाचून स्वतः मीटर हातात घेईल असं नाही, पण गॅरेजमध्ये उभं राहून चार नेमके प्रश्न तरी विचारू शकेल.

आधी यंत्र समजून घेऊ. पेट्रोल इंजिनाची ताकद आत जाणाऱ्या हवेवर ठरते. जेवढी हवा, त्या हिशेबात पेट्रोल, आणि तेवढा जोर. हवेच्या वाटेवर धातूची एक गोल चकती बसवलेली असते. ती फिरली की वाट उघडते. या चकतीला गॅरेजात बटरफ्लाय म्हणतात आणि ती ज्या घरात बसते ती थ्रॉटल बॉडी. मारुती ८००च्या काळात पेडलपासून या चकतीपर्यंत पोलादी केबल जायची. पाय खाली गेला की केबल ओढली जायची आणि चकती उघडायची. मधे कुणी नव्हतं.

आता केबल गेली. पायाखालचं पेडल फक्त एवढंच सांगतं की ड्रायव्हरला किती रेस हवी आहे. हा निरोप ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जातो. एसी चालू आहे का, इंजिन किती तापलंय, ब्रेकवर पाय आहे का, चाकं घसरतायत का, हे सगळं तो बघतो आणि मग थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला हुकूम सोडतो. मोटर दातेरी चक्रांमार्फत चकती फिरवते. चकती खरोखर किती उघडली हे मोजून ते परत ईसीयूला कळवलं जातं, आणि हुकूम व अंमल यांत फरक असला तर तो लगेच दुरुस्त करतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२०पासून तर बीएस-६ लागू झाला, आणि हवेचा असा काटेकोर हिशेब केबलने ठेवणं अवघड होऊन बसलं.

कर्जतकराला यात नवल वाटायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना आपल्या स्टेशनात मागून बँकर इंजिनं लागतात आणि १:३७च्या चढावर त्या लोणावळ्यापर्यंत ढकलतात. त्या विजेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या हातातल्या हँडलपासून मोटरपर्यंत कोणताही दांडा जात नाही. हँडल मागणी नोंदवतं, पुढचं काम विजेचं.

पण पाय आणि इंजिन यांच्यामध्ये नुसत्या ताराच उरल्या, तर एखादी तार तुटून चकती उघडीच राहायची भीती आली. म्हणून या व्यवस्थेत कुणा एकाच्या शब्दावर भरवसा ठेवलेला नाही. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि थ्रॉटल बॉडीतही दोन. कोर्टात दोन साक्षीदारांची जबानी ताडून बघतात तसं ईसीयू त्यांना सतत ताडून बघतो. बऱ्याच गाड्यांत पेडलचा पहिला सेन्सर पाय वर असताना पाऊण व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर चारच्या आसपास दाखवतो, तर दुसरा दर क्षणी त्याच्या निम्मा असतो. पहिला २ तर दुसरा १, पहिला ३ तर दुसरा दीड. थ्रॉटल बॉडीत अनेकदा उलटी मांडणी असते. चकती उघडताना एक सेन्सर चढतो आणि दुसरा तेवढाच उतरतो, म्हणजे दोघांची बेरीज कायम ५ व्होल्ट. आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावेत. मात्र जोडीचा नियम सगळीकडे असतो, आणि तो मोडला की ईसीयू क्षणभरही थांबत नाही. मोटरचा करंटच काढून घेतो.

करंट गेल्यावर चकतीचं काय होतं, तेही मुद्दाम ठरवून ठेवलंय. आतल्या स्प्रिंगा तिला पुरती मिटूही देत नाहीत आणि उघडीही ठेवत नाहीत. त्या तिला एका बारीक फटीवर आणून सोडतात. त्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन बंद पडत नाही, थोडं चढ्या आयडलिंगवर चालत राहतं, आणि पाय कितीही दाबला तरी जोर वाढत नाही. यालाच गॅरेजच्या भाषेत गाडी लिंप मोडला गेली म्हणतात. म्हणजे शिंग्रोबाच्या वळणावर घुरघुरणारी ती गाडी बिघडलेली असली तरी त्या घडीला ती तुम्हाला सांभाळत असते. चढावर ती पुढे नेणार नाही, पण जपून बाजूला घेता येते, आणि उलट वळून खोपोलीपर्यंत हळूहळू उतरताही येते. उतरताना इंजिन मात्र बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींचा आधार जातो, आणि घाटात त्याची किंमत फार मोठी आहे.

डिझेल गाड्यांबद्दल दोन शब्द. डिझेल इंजिनाचा जोर मुख्यतः डिझेलच्या मापावर चालतो, चकतीवर नाही. त्यामुळे पिकअप आणि जीपमध्ये ही तक्रार आली की आधी पेडलकडे आणि त्याच्या तारांकडे बघावं. पेडलचं दोन साक्षीदारांचं गणित तिथेही तेच आहे.

आता शोध. गाडी आली की मी आधी मालकाला खुर्ची देतो आणि विचारत बसतो. पहिल्यांदा कधी झालं? पाऊस होता का? इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतलं होतं का? बॅटरी बदलली का? नवीन म्युझिक सिस्टीम किंवा रिमोट लॉक बसवलं का? गाडी किती दिवस उभी होती, आणि कुठे? एक्सप्रेसवेला खालापूर टोलनाक्यापर्यंत गाडी ठीक आणि घाट लागला की बिघडते, असं कुणी सांगितलं तर ते फार कामाचं असतं. सपाटीवर जे होत नाही ते चढावर का होतं, याला कारण असतंच. चढावर इंजिन जास्त तापतं, पेडल खोल जातं, आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर जास्त कलतं. यातल्या तिसऱ्या कारणाकडे पुढे पुन्हा यायचंय.

मग बॅटरी. हे अनेकजण गाळतात, मी गाळत नाही. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५मध्ये असावा. बॅटरी थकली असेल, टर्मिनलवर पांढरी भुकटी साठली असेल किंवा इंजिनाची बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल असेल, तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं कोसळतं की ईसीयू नाही नाही ते कोड टाकतो. फार्महाऊसवर पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. टर्मिनल घासून, आवळून, बॅटरी भरून अर्धे कोड परत येतच नाहीत.

त्यानंतर स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला तो जोडायचा आणि इंजिनासकट सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचायचे. कोड लगेच पुसायचे नाहीत, ही माझी दुकानातली सक्त ताकीद आहे. कोडबरोबर ईसीयूने त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान, पेडल किती दाबलेलं होतं, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. बहुतेक गाड्या माझ्याकडे येतात त्या आधीच कुणीतरी कोड पुसलेल्या, आणि मग दोष पुन्हा येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज राहत नाही.

कोड ही फिर्याद आहे. पंचनामा आपण करायचा असतो. पी २१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन सेन्सरांची जबानी जुळत नाही. पी २१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांची जुळत नाही. पी २१११ म्हणजे चकती उघडी अडकली आणि पी २११२ म्हणजे मिटलेली अडकली, निदान ईसीयूला तसं दिसलं. पी ०१२२ आणि पी ०१२३ म्हणजे थ्रॉटलच्या पहिल्या सेन्सरचा आकडा फार खाली किंवा फार वर गेला. यातल्या एकाही कोडमध्ये "थ्रॉटल बॉडी बदला" असं लिहिलेलं नाही. जबानी जुळत नसेल तर साक्षीदार खोटा असू शकतो, तसा निरोप पोचवणारा माणूसही वाटेत अडलेला असू शकतो. तार म्हणजे तो निरोप्या.

एक कोड मात्र दिसला की मी बाकीचे बाजूला ठेवतो. पी ०६४२ किंवा पी ०६४३, म्हणजे सेन्सरांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा खाली किंवा वर गेला. हा पुरवठा ईसीयूमधून निघतो आणि अनेक सेन्सर त्यावर वाटून जगतात. वाडीतल्या एकाच नळावर दहा घरं असावीत आणि एका घरातला पाइप फुटला की सगळ्यांचं पाणी जावं, तसं इथे होतं. एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला की पेडल आणि थ्रॉटल दोघांची बोंब उठते, आणि बिचारी थ्रॉटल बॉडी बदलली जाते. अशा वेळी मीटर ५ व्होल्टच्या तारेवर लावायचा आणि त्या पुरवठ्यावरचे कप्लर एकेक करून काढत जायचं. जो काढल्यावर आकडा पुन्हा पाचवर येतो, तो गुन्हेगार.

कोड वाचून झाले की स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावायचा. चावी चालू, इंजिन बंद. पेडल अगदी सावकाश, दहा सेकंद लावून तळापर्यंत दाबायचं आणि तितक्याच सावकाश सोडायचं. पडद्यावर दोन्ही सेन्सरांचे आकडे एकमेकांचा हात धरून चढले-उतरले पाहिजेत. मधेच एखादा आकडा दचकला, थांबला किंवा उडी मारून पुढे गेला, तर तिथे दोष. जुन्या पद्धतीच्या पेडलमध्ये कार्बनच्या पट्टीवर घासणारी पत्ती असते. रोज जिथे पाय असतो त्या जागी ती पट्टी झिजते, आणि हा धक्का नेमका तिथेच दिसतो. नव्या पेडलमध्ये चुंबकावर चालणारे, न घासणारे सेन्सर असल्याने झीज फार कमी असते.

आता एक गाडी जवळून दाखवतो. गेल्या वर्षी भातकापणीनंतर डोंबिवलीचे एक काका पांढरी हॅचबॅक घेऊन आले. त्यांचं कशेळ्याच्या पुढे शेतघर आहे, गाडी तिथे शेडमध्ये उभी असते. समोर खळं, बाजूला पेंढ्याची उडवी. लिंप मोड, पी २१३५. आधीच्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी नवी टाकून झाली होती, बिल पाच आकडी. गाडी पंधरा दिवस ठीक चालली आणि लोणावळ्याला जाताना घाटात परत तेच. "नवीन भागसुद्धा खराब निघाला का हो?" काका हिरमुसून विचारत होते.

पंधरा दिवस ठीक चालली, हे ऐकूनच माझा संशय तारेवर गेला. भाग बदलताना कप्लर काढला जातो, हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलतो, आणि अर्धवट तुटलेली तार काही दिवसांसाठी पुन्हा टेकते. लाइव्ह डेटा लावला. पेडलचे दोन्ही आकडे चोख, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. थ्रॉटलचे दोन आकडे वेगवेगळे बघितले तर दोघेही शंका घ्यावी असे नव्हते. बेरीज केली आणि ती पाच नव्हे, ५.३ आली. चकती कुठेही न्या, बेरीज तीनशे मिलिव्होल्टनी जास्तच.

हे कशाने होतं ते सांगतो. दोन्ही सेन्सर आपला आकडा ज्याच्या तुलनेत मोजतात ती अर्थची तार एकच असते. तारेत अडथळा आला की त्यांची जमीनच ०.३ व्होल्टने वर उचलली जाते, आणि तिच्यावर उभे असलेले दोघेही थोडे वर सरकतात. दोघांचा खोटेपणा एकाच दिशेचा असतो, म्हणून सुटा आकडा बघून तो पकडता येत नाही. बेरजेत पकडता येतो.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली. कप्लर न काढता, मागच्या बाजूने बारीक सुई सरकवून लाल पिन अर्थच्या तारेला टेकवली. चावी चालू. इथे ०.०५ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा होता. आला ०.३२. मग उजव्या हाताने हार्नेस हळूहळू हलवत गेलो, डोळा मीटरवर. एअर फिल्टरजवळ काही नाही. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला तसा आकडा ०.३२चा ०.५ झाला, मग ०.१, मग पुन्हा ०.३. ट्रे काढला. खाली वाळलेल्या पेंढ्याच्या काड्या, भाताची फोलकटं, आणि हार्नेसच्या काळ्या पाइपला बोटाच्या पेराएवढं भोक. आतल्या एका तारेचं आवरण उंदराने सोललेलं, उघडं तांबं पावसाच्या ओलाव्याने हिरवं पडलेलं, आणि बारीक तंतूंपैकी दोन-तीनच शाबूत.

कप्लर काढून, आधीच्या गॅरेजवाल्याने ही तार मीटरच्या बीपवर तपासली असणार आणि बीप वाजली असणार. बीप वाजली म्हणजे तार चांगली, असं समजणं ही आमच्या धंद्यातली जुनी चूक आहे. अनेक मीटर वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी खुशाल वाजतात. सेन्सरच्या अर्थला तेवढा अडथळा पुष्कळ झाला. तार कामावर असताना, करंट वाहत असतानाच तिच्यावर व्होल्टेज मोजायचं. तेव्हाच ती खरं बोलते.

आणि घाटातच का? चढावर पाय दाबला की इंजिन माउंटिंगवर मागे कलतं. इंजिनावरच्या थ्रॉटल बॉडीकडे जाणारा हार्नेस त्याबरोबर ताणला जातो, आणि उरलेले दोन-तीन तंतू सुटायला बघतात. कर्जत ते कशेळे सपाटीला ते टेकून राहत होते. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची नवी तार जोडली, सोल्डर केली, हीट श्रिंक चढवली, हार्नेस जाड पाइपमध्ये घालून ट्रेपासून दूर बांधला. मग पळसदरीमार्गे खोपोली आणि तिथून घाटात वर, स्कॅनर लावून. बेरीज ५.००, कधी ५.०१. काकांचा जुना थ्रॉटल बॉडीचा भाग मात्र तोवर भंगारात गेला होता. माझ्या मते तो पूर्ण चांगला होता.

सगळ्या गाड्यांत तारच असते असंही नाही. चकतीच्या कडेला कार्बनची काळी चिकट कड साचते. चकती मिटताना तिला चिकटते, आयडलिंग खालीवर होतं, सिग्नलला गाडी बंद पडते, आणि शेवटी पी २११२सारखा कोड येतो. ते साफ करायला थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे आणि मऊ फडकं पुरतं. इथे दोन पथ्यं पाळा. चावी चालू असताना चकतीत बोट घालू नका, मोटर ती अचानक फिरवते आणि बोट सापडतं. चावी बंद असतानाही चकती जोर लावून ढकलू नका, आतली प्लॅस्टिकची चक्रं दुखावतात. भाग पूर्ण काढून टेबलावर साफ करणं सगळ्यांत बरं.

साफ केल्यावर आयडलिंग एकदम चढलं तर घाबरू नये. कार्बनने वाट अडली होती तेव्हा ईसीयूने चकती जराशी जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतली होती. आता वाट मोकळी झाली तरी त्याची सवय जुनीच आहे. ती मोडून नव्याने शिकवावी लागते. काही गाड्यांत चावीच्या ठरावीक क्रमाने ते होतं, काहींत स्कॅनरनेच करावं लागतं. हे न करता गाडी हातात दिली की दोन दिवसांनी तक्रार येते आणि चांगल्या सफाईला बट्टा लागतो.

ब्रेकचा स्विच हाही एक नेहमी नजरेतून सुटणारा भाग. ब्रेकच्या पेडलजवळ बसलेला हा छोटा स्विच मागचे दिवे लावतो आणि ईसीयूलाही सांगतो की ब्रेक दाबलाय. तो आत अडकला किंवा त्याची जागा सरकली, तर ईसीयूला वाटतं की ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबलंय, आणि अनेक गाड्यांत तो लगेच रेस तोडतो. तपासायला मीटरही लागत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेकवर पाय नसताना भिंतीवर लाल उजेड पडतोय का बघा.

आणि पायाखालची मॅट. पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिखल गाडीत येतो, म्हणून लोक मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकतात, कुणी वर्तमानपत्रही. ती पुढे सरकून पेडलखाली गेली तर पूर्ण रेस मिळत नाही, पेडलवर चढली तर रेस सुटत नाही. याच गोष्टीने जगातल्या एका मोठ्या चौकशीची सुरुवात झाली. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या, आणि २००९-१०मध्ये मॅट आणि अडकणारी पेडलं यांसाठी कंपनीने लाखो गाड्या परत बोलावल्या. दोष इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये आहे का हे बघायला तिथल्या सरकारने अवकाश संस्था नासाचे इंजिनिअर लावले. फेब्रुवारी २०११च्या अहवालात त्यांनी म्हटलं की मोठी रेस आपोआप लागेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण एका खराब पेडल सेन्सरमध्ये त्यांना कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढलेले सापडले, आणि त्यांनी दोन ठिकाणं शॉर्ट केली होती. वाद तिथे मिटला नाही. २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की एवढ्या मोठ्या चौकशीतही तपास मॅट, पेडल, सेन्सर, तार, सॉफ्टवेअर असा एकेक पायरीने गेला. आपल्या गॅरेजातही क्रम हाच असायला हवा.

उंदरांवर उपाय साधा आहे, पण सातत्य लागतं. गाडी उडवीपासून, कणगीपासून आणि कोंबड्यांच्या खाद्यापासून लांब उभी करा. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. पेंढा, लेंड्या किंवा कुरतडलेला कापूस दिसला तर तारा तपासून घ्या. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू नका. कप्लरचे रबर सील जागेवर आहेत का ते दर पावसाळ्याआधी बघून घ्या.

आणि घाटात कधी ही वेळ आलीच, तर गाडी वळणावर न थांबवता जमेल तितकी पुढे किंवा खाली घेऊन, डावीकडे, चारी इंडिकेटर लावून उभी करा. गॅरेजात गेल्यावर कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा आणि फ्रीज फ्रेमचा फोनवर फोटो काढून घ्या. थ्रॉटल बॉडी बदलायची म्हणाले तर विचारा की पाच व्होल्ट मोजले का, अर्थवर आकडा किती आला आणि दोन सेन्सरांची बेरीज किती होती. आकडे सांगता आले तर खुशाल बदला. आणि काढलेला जुना भाग मागून घ्या, तो तुमच्या मालकीचा आहे.